निकाल मनासारखा लागला नाही, तर आधी काय आणि नंतर काय

बोर्डाचा निकाल दुपारी एक वाजता ऑनलाइन लागतो आणि दीड वाजेपर्यंत घरात सगळ्यांना सगळंच ठरवून टाकायचं असतं. शाखा कोणती, कॉलेज कोणतं, क्लास बदलायचा का, मोबाइल काढून घ्यायचा का, गावी आजोबांना कोण सांगणार, आणि "हिला सायन्स झेपेल का?" मी दहावीला गणित शिकवते. दर मे महिन्यात मला हे फोन येतात आणि दरवेळी आधी एकच सांगावंसं वाटतं: यातलं जवळजवळ काहीच आज ठरवावं लागत नाही. ज्या थोड्या कामांना खरोखर मुदत आहे, ती मात्र नेमकी रडारडीत विसरली जातात.

म्हणून इथे दोन गोष्टी वेगळ्या करून सांगते. मुदत असलेली कामं कोणती, आणि थांबू शकणारे निर्णय कोणते. हे वेगळं का करायचं, ते कळायला त्या दिवसांत मनात काय चालतं हेही थोडं समजून घ्यावं लागेल.

आधी आकडे. २०२५ मध्ये राज्य मंडळाचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला आणि बारावीचा ९१.८८ टक्के. ऐकायला छान वाटतं. पण दहावीला साडेपंधरा लाखांच्या आसपास नियमित विद्यार्थी बसले होते, म्हणजे राहिलेली मुलं नव्वद हजारांहून जास्त. बारावीत हाच आकडा एक लाखाच्या वर जातो. निकालाची टक्केवारी जितकी चढते, तितकं मागे राहिलेलं मूल एकटं पडतं. वर्गातली दहा-बारा जणं राहिली असतील तर निदान एकमेकांकडे जाऊन बसता येतं. पन्नासात एकटीच राहिलेली मुलगी कुणाकडे जाणार?

आणि जी पास झाली पण नव्वदची वाट बघत असताना अठ्ठ्याहत्तर घेऊन बसली, तिचं दुःखही खरं असतं. "इतके तर मिळाले, त्यात रडायचं काय?" हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. अपेक्षाभंग शून्यापासून मोजला जात नाही, अपेक्षेपासून मोजला जातो. त्यामुळे कुणाचं दुःख मोठं आणि कुणाचं लहान, याचा हिशोब मांडत बसू नये.

त्या दिवसांत मन काय करतं

निकालाच्या दिवशी मुलं बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतात: "आता सगळं संपलं." हे वाक्य वेदना सांगतं, आणि त्याच वेळी एक भाकीतही करतं. यातली वेदना शंभर टक्के खरी असते. भाकीत मात्र तपासून बघावं लागतं.

अमेरिकेत डॅनिएल गिल्बर्ट, टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या विद्यापीठांत तरुण प्राध्यापकांना काही वर्षांनी कायम करायचं की नाही, याचा एकदाच मोठा निर्णय होतो. ‘नकार आला तर पुढची काही वर्षं तुम्ही किती दुःखी असाल?’ असं ज्यांचा निर्णय व्हायचा होता त्यांना विचारलं. आपण बराच काळ दुःखी राहू, असं त्यांना वाटत होतं. मग ज्यांना काही वर्षांपूर्वी खरोखर नकार मिळाला होता, त्यांना गाठून त्यांच्या समाधानाबद्दल विचारलं. कायम झालेल्यांपेक्षा ते कमी सुखी आढळले नाहीत. वाईट घटनेनंतर आपण किती दिवस वाईट अवस्थेत राहू, याचा आपला अंदाज बहुतेक वेळा जास्तीचा निघतो. प्राध्यापकांचाही अंदाज चुकत असेल, तर सोळा वर्षांच्या मुलाचा का चुकणार नाही?

त्यात वयाचीही भर आहे. पुढचा-मागचा विचार करून स्वतःला आवरणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग पूर्ण घडायला पंचविशीच्या आसपासचं वय उजाडतं. भावना उसळवणारे भाग त्याच्या कितीतरी आधी जोरात असतात. शिवाय परीक्षेच्या आणि निकालाच्या काळात झोपेची वाट लागलेली असते. अशा मनाला त्याच संध्याकाळी ‘पुढे काय करणार?’ असं विचारलं तर जे उत्तर येतं, ते त्या संध्याकाळचं असतं. ते पुढच्या चार वर्षांचं धोरण धरू नये.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. बर्नार्ड वायनर या मानसशास्त्रज्ञाने अपयशानंतर माणूस स्वतःला काय कारण देतो, याचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचं म्हणणं सोपं करून सांगायचं तर प्रत्येक कारणाला तीन प्रश्न विचारावेत. कारण माझ्यात आहे की बाहेर? ते कायमचं आहे की बदलणारं? आणि ते माझ्या हातात आहे का?

"मला गणित जमतच नाही" हे कारण घ्या. ते माझ्यात आहे, कायमचं आहे आणि माझ्या हातात नाही. तिन्ही बाजूंनी दार बंद. "पेपरच अवघड होता" या कारणाने मनाला जरा बरं वाटतं, पण पुढे करण्यासारखं काही मिळत नाही. आता तिसरं बघा: "पहिल्या दोन प्रश्नांत वेळ फार गेला आणि शेवटचा प्रश्न हात न लावता राहिला." हेही माझ्यातलंच कारण आहे, पण बदलणारं आहे आणि माझ्या हातातलं आहे. गुण तेवढेच. पण या तीन वाक्यांनंतर मूल तीन वेगळ्या ठिकाणी जाऊन पोचतं. आपण मोठी माणसं नकळत पहिल्याच वाक्याला खतपाणी घालतो. "आमच्या घराण्यातच कुणाला गणित आलं नाही" हे किती लाडाने म्हटलं जातं, आणि मुलाला त्यातून निकालच ऐकवला जातो.

इथे कुणी म्हणेल की मग मुलांना ‘तू करू शकतोस’ हेच सांगत राहावं. तेवढ्याने फार होत नाही. बुद्धी मेहनतीने वाढते, हे तासाभरापेक्षा कमी वेळाच्या ऑनलाइन सत्रात समजावून अमेरिकेतल्या १२ हजारांहून अधिक नववीच्या मुलांवर परिणाम पाहिला गेला. २०१९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे गुण वाढले, पण चारेक गुणांच्या मोजपट्टीवर सुमारे ०.१ ने. म्हणजे धीर देणं उपयोगी आहे, फुकट तर आहेच, पण त्याला हाताशी धरण्याजोगं काम जोडावं लागतं. ते काम कुठलं, याकडे थोड्या वेळाने येते.

गुण नेमकं काय सांगतात

शितावरून भाताची परीक्षा, हे तत्त्व आपल्याला ठाऊक आहे. लेखी परीक्षा तेच करते. दहावीच्या बीजगणितात रेषीय समीकरणांपासून सांख्यिकीपर्यंत सहा प्रकरणं, भूमितीत समरूपतेपासून महत्त्वमापनापर्यंत सात. या प्रत्येक भागाची परीक्षा दोन तासांत, चाळीस गुणांत. एक शीत उचललं, चेपून बघितलं आणि भाताबद्दल सांगितलं. लाखो मुलांचा एकत्र विचार केला तर हा अंदाज बरा येतो, म्हणून परीक्षा चालू आहेत आणि त्या निरर्थक आहेत असं मी कधीच म्हणणार नाही. पण एका मुलाच्या एका दिवसातले चार-सहा गुण इकडेतिकडे झाले तर त्यावरून त्याच्याबद्दल काहीच सांगता येत नाही. ८२ आणि ८५ मध्ये ज्ञानाचा फरक नसतो. कट-ऑफच्या यादीत फरक पडतो, कारण जागा मोजक्या आणि रांग लावायला काहीतरी निकष हवा. ती प्रवेशाची व्यवहारी गरज आहे. तो मुलाच्या अकलेवरचा शेरा समजू नये.

मुदत असलेली कामं

राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी ही कामं निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सुरू होतात. २०२५ मध्ये दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला आणि गुणपडताळणी व छायाप्रतीच्या अर्जांची मुदत १४ ते २८ मे होती. दरवर्षी तारखा बदलतात, पण साधारण दोन आठवडेच मिळतात. घरात अबोला धरून बसलात तर ते दोन आठवडे कुठे जातात ते कळत नाही.

गुणपडताळणी, छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन या तीन गोष्टींत पालकांचा फार गोंधळ होतो. गुणपडताळणीत पेपर पुन्हा तपासत नाहीत. सगळ्या उत्तरांना गुण दिले आहेत ना, बेरीज बरोबर आहे ना, गुण नीट नोंदवले गेले ना, एवढंच बघतात. छायाप्रत म्हणजे तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत तुमच्या हातात येते. आणि पुनर्मूल्यांकनात उत्तरं पुन्हा तपासली जातात, पण त्यासाठी आधी छायाप्रत घेतलेली असावी लागते आणि ती मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. पाच दिवस म्हणजे काहीच नाही. छायाप्रत आली की त्याच दिवशी विषयाच्या शिक्षकांकडे घेऊन जा. त्यांनी एखाद्या उत्तरावर बोट ठेवून "इथे गुण मिळायला हवे होते" असं सांगितलं, तरच पुनर्मूल्यांकनाला जा. "बघू, वाढले तर वाढले" म्हणून अर्ज केला की महिनाभर मूल त्या आशेवर लटकत राहतं आणि पुढचा अभ्यास सुरूच होत नाही.

एक-दोन विषय राहिले असतील तर पुरवणी परीक्षा आहे. पूर्वी ही परीक्षा ऑक्टोबरमध्ये व्हायची, म्हणजे विषय सुटला तरी वर्ष गेलेलंच. दहावीसाठी २०१५ पासून ती जुलैमध्ये घ्यायला लागले आणि २०२५ मध्ये तर ती २४ जूनलाच सुरू झाली. तिचा फॉर्म शाळेमार्फत भरायचा असतो, त्यामुळे शाळेत तोंड दाखवायची लाज वाटली तरी जावं लागतं. मूल जायला तयार नसेल तर पहिल्या दिवशी आईने किंवा बाबांनी एकट्याने जावं, त्यात काही बिघडत नाही.

दहावीला एक किंवा दोन विषय राहिले तरी एटीकेटीची सवलत घेऊन अकरावीला प्रवेश मिळतो. हे माहीत नसल्यामुळे मुलाला वर्षभर घरी बसवलेली घरं मी पाहिली आहेत. म्हणून ठळकपणे सांगते: विषय राहिला म्हणजे वर्ष गेलं, असं धरून चालू नका. आधी शाळेत विचारा.

पास झालेल्या पण गुणांवर समाधान नसलेल्यांना श्रेणीसुधार योजना आहे. सगळे विषय सुटलेले असताना गुण वाढवण्यासाठी पुन्हा बसता येतं. माझं मत विचाराल तर हा निर्णय छायाप्रत बघितल्याशिवाय घेऊ नये. सीबीएसईच्या मुलांसाठीही २०२६ पासून दहावीची बोर्डाची परीक्षा वर्षात दोनदा आहे.

बारावीबद्दल एक गोष्ट वेगळी आहे. राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशाची गुणवत्ता यादी बारावीच्या टक्क्यांवर लागत नाही, ती सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेवर लागते. बारावीत भौतिकशास्त्र, गणित आणि त्यांच्या जोडीचा विषय मिळून ४५ टक्के, राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के, एवढी पात्रता लागते. त्यामुळे ६२ टक्के बघून "इंजिनिअरिंग गेलं" म्हणणाऱ्या घरात आधी सीईटीचा स्कोअर बघावा.

मुदतीची यादी जवळजवळ इथेच संपते; आयटीआय आणि तंत्रनिकेतनाच्या अर्जांबद्दल शेवटी सांगते. शाखा बदलायची का, शहर बदलायचं का, हे पंधरा दिवसांनी बोललं तरी चालतं. अकरावीचा पसंतीक्रम भरायची तारीख आधी आली तर तेवढा भरावा लागेल, पण तोही त्या संध्याकाळी नको.

उत्तरपत्रिका समोर घेऊन बसणं

आता ते हाताशी धरण्याजोगं काम. आपल्याकडे छायाप्रत मागवतात ती भांडण्यासाठी. शिकण्यासाठी ती कुणी वाचत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मुलाने वर्षभरात लिहिलेल्या सगळ्या कागदांत सर्वात खरं बोलणारा कागद तोच असतो.

समजा एका मुलीला गणितात ८० ची अपेक्षा होती आणि ५८ मिळाले. अंतर्गत मूल्यमापनाचे २० पैकी १७, बीजगणिताचे ४० पैकी १९, भूमितीचे ४० पैकी २२. म्हणजे लेखीत ३९ गुण गेले. एका कोऱ्या कागदावर चार रकाने आखायचे: वेळ पुरला नाही, मांडणी अपुरी, आकडेमोड चुकली, मुळात समजलंच नव्हतं. मग पान उलटत जायचं आणि गेलेला प्रत्येक गुण कुठल्या ना कुठल्या रकान्यात टाकायचा.

बीजगणितात वर्गसमीकरणाचं वयाचं उदाहरण आहे. समीकरण बरोबर मांडलंय. अवयव पाडताना उणे चिन्ह सुटलं आणि उत्तर आलं: मुलाचे वय उणे ४ वर्षे. त्याखाली पट्टीने दोन रेघा मारल्यात आणि बाई पुढच्या प्रश्नाला गेल्यात! वय उणे कसं असेल, हे बघायला पाच सेकंद लागले असते. हे आकडेमोडीच्या रकान्यात. भूमितीत दोन त्रिकोण समरूप दाखवायचे होते. दोन्ही कोन बरोबर शोधले, बाजूंचं प्रमाणही लिहिलं, पण ‘कोको कसोटीनुसार’ हे दोन शब्द कुठेच नाहीत. हा गुण मांडणीत गेला. त्याच पेपरात त्रिकोणमितीचं उंचीचं उदाहरण आहे, त्यात आकृतीच चुकली, उन्नत कोन भलतीकडेच दाखवलाय. इथे मात्र समजलेलंच नव्हतं. आणि दोन्ही पेपरांत शेवटची पानं कोरी.

बेरीज केली तर वेळेअभावी १४, मांडणीत ९, आकडेमोडीत ७ आणि न समजल्यामुळे ९. एकूण ३९. "मला गणित जमत नाही" हे वाक्य त्यातल्या फक्त ९ गुणांबद्दल खरं ठरतं, तेही एका-दोन प्रकरणांपुरतं. १४ गुणांसाठी हातात घड्याळ बांधून पेपर सोडवायचा सराव हवा. दोन तास आणि ४० गुण म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. चार गुणांच्या उदाहरणावर पंचवीस मिनिटं घालवली, तर बाकीच्यांचं पोट मारूनच ती घालवलेली असतात.

दरवेळी चित्र इतकं आशादायक निघत नाही. कधी कधी न समजल्याचाच रकाना भरत जातो आणि शोधत मागे गेलं तर गाडी सहावी-सातवीच्या अपूर्णांकांशी अडकलेली सापडते. ते कळणंही मोलाचं आहे. अशा मुलाला दहावीच्या आणखी एका महागड्या क्लासला घालून काही होणार नाही. त्याला सातवीचं पुस्तक हवं आणि ते न हसता शिकवणारं कुणीतरी हवं.

हे काम निकालानंतर थोडे दिवस जाऊन, छायाप्रत हातात आल्यावर करावं. आणि शक्यतो आई-बाबांनी सोबत बसू नये. शिक्षिका, मोठी मावसबहीण, शेजारचा कॉलेजात जाणारा दादा, कुणीही चालेल, ज्याच्या चेहऱ्याकडे मुलाला दर पानाला बघावं लागणार नाही.

घरातल्यांशी थोडं

"मार्कांना काही अर्थ नसतो रे." हे सांत्वन करू नका. वर्षभर घरातला टीव्ही बंद, लग्नाला जाणं बंद, सकाळचा चहासुद्धा टाइमटेबलप्रमाणे, आणि आज मार्कांना अर्थ नाही? मुलांना हे लगेच कळतं आणि मग तुमच्या पुढच्या कुठल्याच वाक्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. "वाईट वाटतंय ना? मलाही वाटतंय. आज काही ठरवायचं नाहीये. चल, जेवून घे." एवढं पुरतं. आणि खरं असतं.

फोन येतच राहतात. "किती पडले?" हा प्रश्न आत्या, काका, सोसायटीतले सगळेच विचारणार. निकालाआधीच ठरवून ठेवा की गुण सांगायचे की नाही, हे मूल ठरवेल. तोवर "निकाल लागलाय, ती स्वतःच सांगेल तुम्हाला" असं म्हणून फोन ठेवता येतो. कुणाला राग आला तर येऊ दे.

शिक्षा म्हणून मोबाइल हिसकावून घेऊ नका, कारण मैत्रिणी त्यातच आहेत. पण रात्री दोन वाजेपर्यंत दुसऱ्यांचे पेढे आणि टक्के स्टेटसला बघत राहणं हेही घातक आहे. सगळ्यांचे फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला, बाबांचासुद्धा. नियम सगळ्यांना लागू असला की त्याची शिक्षा वाटत नाही.

क्लासवाले चौकाचौकात फ्लेक्स लावतात, त्यावर मला मनापासून बोलायचं आहे. त्या फोटोंतल्या मुलांचं कौतुक झालंच पाहिजे. पण त्याच क्लासची पूर्ण फी भरलेली आणि त्या फ्लेक्सवर नसलेली मुलं रोज त्याखालून जातात. शाळांनी आणि क्लासनी निकालाच्या आठवड्यात त्या मुलांना एक फोन केला, तर मला त्या संस्थेबद्दल शंभर फोटोंपेक्षा जास्त आदर वाटेल.

धोक्याची लक्षणं

२०२२ मध्ये देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाकडे झाली आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वात मोठा होता. त्या सगळ्या निकालामुळे झाल्या नव्हत्या. आत्महत्येमागे एकच कारण सहसा नसतंही. पण निकालाचे दिवस जपायचे असतात, एवढं यातून नक्की समजावं.

दोन-चार दिवस रडणं, चिडचिड, खोलीत बसणं हे दुःखाचं नेहमीचं रूप आहे. दोन आठवडे झाले तरी झोप-जेवण रुळावर येत नसेल, आवडती माणसं आणि आवडते खेळ दोन्ही सुटले असतील, तर मदत घ्यावी. आणि "मी नसतो तर बरं झालं असतं", "तुम्हाला माझा त्रासच आहे" अशी वाक्यं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, निरोप घेतल्यासारखं बोलणं, किंवा खूप अस्वस्थतेनंतर अचानक आलेली विचित्र शांतता दिसली, तर दोन आठवडे थांबायचं नाही.

सरळ विचारा: "तुझ्या मनात स्वतःला संपवण्याचे विचार येतायत का?" विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलांना सुटल्यासारखं होतं. उत्तर हो आलं तर ओरडू नका, शपथा घालू नका, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा जिल्हा रुग्णालयात न्या. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक आहे. मुलांनो, हे दोन्ही नंबर तुम्ही स्वतः लावू शकता, आई-बाबांना न विचारता. निकालाच्या काळात मंडळही समुपदेशकांचे क्रमांक जाहीर करतं.

पुरवणीचा अभ्यास, आणि पुरवणीनंतर

निकाल ते पुरवणी परीक्षा यात साधारण सहा आठवडे मिळतात. एक-दोन विषयांसाठी हे थोडे नाहीत, पण तोच अभ्यास त्याच पद्धतीने पुन्हा केला तर पुरणार नाहीत. बहुतेक मुलं पुस्तक पुन्हा पुन्हा वाचतात. रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून पुस्तक बंद केलं आणि आठवेल ते कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं: लिहून काढणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवलं, दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. म्हणून धडा वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर लिहा, मग उघडून काय सुटलं ते बघा. तोच धडा तीन दिवसांनी पुन्हा, पुढच्या आठवड्यात पुन्हा. लिहून काढताना अडखळायला होतं आणि आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. ते वाटू दे. त्या अडखळण्यातच धडा डोक्यात बसत असतो.

पुरवणीतही विषय राहिला तर अनेक जण १७ नंबरचा फॉर्म शोधत फिरतात. तो शाळा मध्येच सोडलेल्या आणि बाहेरून पहिल्यांदा बसणाऱ्या मुलांसाठी आहे. एकदा परीक्षा दिलेला विद्यार्थी पुनर्परीक्षार्थी म्हणून आपल्याच शाळेतून पुन्हा बसतो आणि सुटलेले विषय त्याला परत द्यावे लागत नाहीत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचीही परीक्षा वर्षातून दोनदा होते. वेल्डर, प्लंबर, सुतारकाम अशा आयटीआयच्या काही ट्रेडना दहावी नापास मुलांनाही प्रवेश आहे. दहावी पास झालेल्यांना तंत्रनिकेतनात ३५ टक्क्यांवरही अर्ज करता येतो आणि डिप्लोमा झाला की अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, बारावी न करता. या प्रवेशांचे अर्ज निकालानंतर लगेच सुरू होतात. पुरवणीच्या निकालापर्यंत थांबलात तर पहिल्या फेऱ्या निघून जातात, म्हणून जवळच्या आयटीआयमध्ये आणि तंत्रनिकेतनात चौकशीला मे महिन्यातच जाऊन या. जाताना मुलाला बरोबर न्या, आणि वर्कशॉप चालू असेल तर तेही त्याला बघू द्या.